हिवाळ्यानंतर ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पाण्याची गळती: उगम कसा शोधावा?

तळ्याकाठी (मिशिगन)

नमस्कार.

गेल्या शरद ऋतूत आम्ही २०१५ सालच्या बांधणीचा, २४ फूट लांबीचा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, विकत घेतला. आधीच्या मालकांनी थंडीपूर्वीची तयारी करूनच, म्हणजे टाक्या रिकाम्या करून व नळ्यांमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारा द्रव) खेळवून, तो आमच्या ताब्यात दिला होता आणि नंतरचा सबंध हिवाळा तो घराशेजारी आच्छादनाखाली उभा होता. बर्फ ओसरल्यावर आम्ही ताज्या पाण्याची टाकी अर्धी भरली, पंप सुरू केला, नळ एकेक करून उघडले आणि गुलाबी द्रव निघून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते वाहू दिले. इथवर सर्व ठीक वाटले. मात्र सर्व नळ बंद केल्यानंतरही पंप दर काही मिनिटांनी दोन-तीन सेकंद घरघरतो आणि थांबतो. तासाभराने खाली वाकून पाहिले तेव्हा डावीकडच्या दोन चाकांच्या मध्ये, तळाला लावलेल्या काळ्या पन्हळी प्लास्टिकच्या एका स्क्रूपाशी पाणी ठिबकताना दिसले. आतमध्ये न्हाणीघराच्या दारासमोरची व्हिनाइलची जमीन पायाखाली किंचित दबते. ती आधीपासून तशी होती की आता झाली, हे सांगणे कठीण आहे.

सिंकखालचे कपाट, टॉयलेटच्या मागची जागा आणि गिझरभोवतीचा दिसणारा भाग हाताला कोरडा लागतो. जवळच्या दुरुस्ती केंद्राने जुलैनंतरची वेळ दिली आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत आम्ही एका स्टेट पार्कमध्ये जागा राखून ठेवली आहे. तिथे जागेवर वीज मिळते, पाण्याची जोडणी मिळत नाही, त्यामुळे टाकी आणि पंप यांच्यावाचून चालणार नाही.

चाकांजवळचे प्लास्टिक कापून आत पाहावे का? पेक्स नळीचा (पाण्याच्या लवचिक प्लास्टिक नळीचा) जोड बदलावा लागलाच, तर त्यासाठी लागणारे अवजार विकत घेणे योग्य, की दाबून बसवायचे तयार जोड पुरेसे आहेत? आणि दबणाऱ्या जमिनीची काळजी आताच करावी का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

खटपट्या (ओहायो)

आपण लक्षणे नेमकी मांडली आहेत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. आधी एक विनंती: तळाचे प्लास्टिक आजच कापू नका आणि हाताला लागेल तो जोड आवळतही सुटू नका. ट्रेलरमधील बरेचसे जोड प्लास्टिकचे असतात आणि न गळणारा जोड उगाच आवळल्याने गळू लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

चाकांपाशी ठिबकते म्हणून गळती चाकांच्या वर आहे, असे समजण्याचे कारण नाही. आतमध्ये कुठेही पाणी सांडले की ते आधी जमिनीवरून उताराकडे सरकते, नळ्या किंवा वायरी जाण्यासाठी पाडलेल्या भोकातून खाली उतरते, तिथल्या थंडी अडवणाऱ्या फायबरग्लासच्या थरात मुरते आणि मग पन्हळी प्लास्टिकवरून वाहत जाऊन जिथे सर्वांत सखल सांधा किंवा स्क्रू सापडेल तिथून बाहेर पडते. ट्रेलर पुढून थोडा उचललेला असेल तर ही जागा मागे जाते, एका कुशीवर कललेला असेल तर त्या कुशीला जाते. म्हणून पाणी कुठे पडते यापेक्षा दाब कुठे उतरतो, हे आधी शोधावे.

आपला पंप बारा व्होल्टचा डायफ्राम पंप असणार. बहुतेक ट्रेलरांमध्ये त्यातील दाबाची कळ सुमारे ५५ पीएसआयला (दर चौरस इंचावर ५५ पौंड दाबाला) पंप बंद करते आणि दाब ४० च्या आसपास उतरला की पुन्हा चालू करते. नळ बंद असताना तो अधूनमधून घरघरतो याचा अर्थ दाब कुठून तरी निसटतो आहे, आणि निसटण्याच्या वाटा तीन आहेत. एक, एखादा जोड किंवा नळ फुटून पाणी बाहेर जाते. दोन, पंपाच्या आतील एकदिशा झडप नीट न बसल्याने पाणी उलट टाकीत परतते. यात कुठेही ओल दिसत नाही. तीन, बाहेरच्या भिंतीवर होज जोडण्यासाठी जे तोंड असते, त्याच्या एकदिशा झडपेतून पाणी झिरपते. तिसरी शक्यता तपासायला अर्धा मिनिट पुरते: पंप चालू ठेवून त्या तोंडाचे झाकण काढा आणि आत कोरड्या कागदाचा बोळा ठेवून पाहा.

त्यानंतर पंप बंद करून घराच्या नळाची होज जोडा. मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि दाबमापक अवश्य ठेवा. दाब ४५ च्या आसपास आला की घराकडील नळ बंद करा आणि काटा पाहत बसा. काटा स्थिर राहिला, तर नळ्या शाबूत आहेत आणि शंका पंपाकडच्या बाजूवर घ्यावी. काटा उतरला आणि त्याच वेळी ताज्या पाण्याच्या टाकीची पातळी वाढली, तर पंपाची झडप दोषी. काटा उतरला, टाकी मात्र होती तशीच, तर गळती खरी आहे आणि ती दाबाच्या नळ्यांमध्येच आहे.

हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पाणी भरताना गळती सुरू झाली आहे, त्यामुळे माझा संशय गोठण्यावर आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पेक्स नळी बऱ्याचदा तेवढे ताणून घेते; तडा जातो तो नळांच्या प्लास्टिकच्या अंगाला, एल्बोला, टॉयलेटच्या मागच्या व्हॉल्व्हला किंवा पंपाजवळच्या गाळणीच्या पारदर्शक वाटीला. अँटीफ्रीझ पंपाने ओढून भरले जाते तेव्हा ते फक्त उघडलेल्या नळापर्यंतच पोहोचते. आतले सगळे नळ उघडले आणि बाहेरचा शॉवर राहून गेला, तर त्या फाट्यात साधे पाणीच उरते. होजच्या तोंडाचेही तसेच. पंपाकडून येणारा द्रव त्या झडपेपाशी अडतो आणि झडप हाताने दाबून थोडा बाहेर काढल्याशिवाय तिथले पाणी हलत नाही. शिवाय डब्यावर लिहिलेले उणे ५० अंश फॅरनहाइट हे न मिसळलेल्या द्रवाबद्दल असते. नळ्यांत उरलेल्या पाण्याने तो पातळ झाला की ती हमी उरत नाही.

तेव्हा पुढील क्रमाने पाहा: बाहेरचा शॉवर, होजचे तोंड, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, शॉवरच्या नळामागची झडपी (आत पाहण्यासाठीचे छोटे दार), सर्वांत शेवटी तळाखाली लोंबणारे निचऱ्याचे दोन नळ. प्रत्येक जोडाभोवती टॉयलेट पेपरची एक पट्टी गुंडाळून ठेवावी, कारण बोटाला न कळणारा पाझर कागदावर लगेच डाग पाडतो.

आणि कृपया, ट्रेलरखाली शिरण्यापूर्वी त्याची वीज बाहेरून तोडा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि कोपऱ्यांतल्या स्थिरतेच्या पायांवर विसंबू नका. ते वजन पेलण्यासाठी नसतात.

ओरेगॉनकर

खटपट्या यांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, पण जमीन आधीच दबत असताना आणखी पाण्याने परीक्षा घेणे मला पटत नाही. तीच परीक्षा हवेने करता येते. हिवाळ्यापूर्वी नळ्या फुंकण्यासाठी होजच्या तोंडावर बसणारी एक छोटी टोपी मिळते, तिला मोटारीच्या टायरसारखा वाल असतो. सर्व नळांतून आणि निचऱ्यातून पाणी काढून टाका, मग सायकलच्या पंपाने ३० पीएसआयपर्यंत हवा भरा. त्यापुढे जाण्याची गरज नाही आणि जाऊही नये. नंतर आजूबाजूचे सर्व आवाज बंद करून कान द्या. पाण्याची बारीक गळती मूक असते, हवेची मात्र फुसफुसते. जिथे संशय येईल तिथे साबणाचे पाणी ब्रशने लावले की फुगे येतात.

हे करण्याआधी गिझर बंद आहे आणि त्याच्या मागची बायपासची (गिझर वगळून पाणी परस्पर वळवणारी) झडप हिवाळी स्थितीत आहे, याची खात्री करून घ्या. गिझर वगळला तर त्याची सहा गॅलनची टाकी हवेने भरण्यात वेळ जात नाही आणि गळती गिझरच्या बाजूला आहे की नाही, हेही त्यातून कळते: बायपासने दाब टिकला आणि गिझर जोडताच उतरू लागला, तर उत्तर मिळाले. विजेवर चालणारी कांडी असलेला गिझर पाण्याविना चालू केला तर कांडी जळायला फार वेळ लागत नाही. वसंत ऋतूत ही चूक वारंवार घडते, कारण बायपास हिवाळ्यातलाच राहतो आणि आतले बटण कोणीतरी दाबते.

आपल्याशी थेट संबंध नसला, तरी आणखी एका गोष्टीची नोंद करून ठेवतो. गिझर तापत असताना बाहेरच्या जाळीमागील सुरक्षा झडपेतून थेंब पडू लागले, तर ती झडप बिघडली असे लगेच मानू नये. टाकीच्या वरच्या भागात हवेचा एक कप्पा असावा लागतो, तापून प्रसरण पावणाऱ्या पाण्याला तीच जागा असते. तो कप्पा हळूहळू पाण्यात विरघळून संपला की दाब झडपेवर येतो. गिझर बंद करून पाणी गार होऊ द्यावे, पाण्याचा पुरवठा तोडावा, गरम पाण्याचा एक नळ उघडावा आणि झडपेची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत धरावी. कप्पा पुन्हा तयार होतो. एवढे करूनही थेंब चालू राहिले, तरच झडप बदलावी.

तळ्याकाठी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. होजच्या तोंडात ठेवलेला कागद कोरडाच राहिला, म्हणून थेट हवेची परीक्षा घेतली. काटा ३० वरून काही मिनिटांत २० च्या खाली आला, आणि गिझर जोडला काय, वगळला काय, त्यात फरक पडला नाही. फुसफुस मागच्या भिंतीतून, न्हाणीघराच्या पलीकडून येत होती. बाहेरच्या शॉवरच्या पेटीचे चार स्क्रू काढून ती पुढे ओढली, तर नळाच्या प्लास्टिकच्या अंगावर, गार पाण्याच्या बाजूला, केसाएवढी चीर दिसली. साबणाचे पाणी लावताच तिथे फुग्यांची रांग उठली. ही जागा ठिबकण्याच्या ठिकाणापासून सात-आठ फूट मागे आणि विरुद्ध बाजूला आहे. आधीच्या मालकांना विचारले असता त्यांनी सांगितले की बाहेरचा शॉवर त्यांनी कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे हिवाळ्याच्या तयारीत तो कधी आला नाही.

आता दोन शंका आहेत. नवा नळ बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप लावावा का? आणि शॉवर कायमचा काढून टाकायचा झाल्यास नळ्यांची तोंडे कशी बंद करावीत?

पान्हा (ह्यूस्टन)

टेपचा प्रश्न विचारलात हे चांगले केले. आपल्याकडे जीआय पाइपांच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावण्याची पद्धत होती, नंतर तिची जागा टेफ्लॉन टेपने घेतली, आणि त्या सवयीमुळे आटे दिसले की हात टेपकडे जातो. तिथे ते योग्यच आहे, कारण निमुळत्या आट्यांचा जोड आट्यांवरच पाणी अडवतो. ट्रेलरमधल्या नळाच्या मागे मात्र जी फिरणारी प्लास्टिकची नट असते तिच्या आत शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर असतो, आणि पाणी अडते ते त्या वॉशरवर. आटे केवळ दाब देतात. तिथे टेप लावल्यास नट पूर्ण बसत नाही आणि बसली असे वाटून आपण ती अधिक आवळतो, इतकी की शेवटी ती चिरते. वॉशर नवा घ्या, त्याचा निमुळता भाग नळाच्या तोंडाकडे आहे हे पाहा, नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा आणि पान्ह्याने जेमतेम पाव वळसा द्या. त्यानंतरही पाझर राहिला, तर आणखी आवळण्याऐवजी उघडून वॉशर पाहावा.

नवा नळ घेताना पेटीच्या भोकाचे माप आणि गरम-गार तोंडांच्या मध्यबिंदूंमधील अंतर जुन्या नळावर मोजून न्यावे. पितळी अंगाचा मिळाला तर तोच घ्यावा, मात्र पितळही गोठलेल्या पाण्यापुढे टिकत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

शॉवर नकोच असेल तर दोन्ही नळ्या मोकळ्या जागेपर्यंत कापून त्यांना बूच लावता येते, आणि इथे आपला मूळचा अवजाराचा प्रश्न येतो. ट्रेलरमधील पेक्स साधारणपणे अर्ध्या इंचाची असते, म्हणजे बाहेरून पाच अष्टमांश इंच. तिचे जोड तीन प्रकारे करता येतात. तांब्याची कडी चेपण्याचे अवजार दोन लांब दांड्यांचे असते आणि कपाटाच्या कोपऱ्यात ते उघडायलाच जागा नसते. स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पचे कान चिमटणारे अवजार एका हाताने चालते, एकच अवजार वेगवेगळ्या मापांना पुरते आणि अडचणीच्या जागी समोरून घालता येते. ट्रेलर बाळगणाऱ्याने घ्यायचे झाल्यास हेच घ्यावे, असे माझे मत आहे. दाबून बसवायचे जोड महाग पडतात, पण एकदोन ठिकाणांसाठी अवजार घेण्यापेक्षा तेच परवडतात आणि प्रवासात एखादा जवळ असलेला बरा.

कुठलाही प्रकार निवडला तरी नळी काटकोनातच कापली पाहिजे, आणि तीही करवतीने न कापता नळी कापण्याच्या कात्रीने. क्लॅम्प किंवा कडी नळीच्या कडेपासून तीन ते सहा मिलिमीटर आत यावी. दाबून बसवायच्या जोडात नळी किती आत जायला हवी ते जोडाच्या वेष्टनावर दिलेले असते. तेवढ्या अंतरावर पेनाने आधी खूण करावी, कारण अर्धवट आत गेलेली नळी दाब नसताना घट्टच वाटते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी नंतर निसटते. नळीला जोडाच्या दोन्ही बाजूंना पट्टीचा आधार द्या. चालत्या ट्रेलरमध्ये लोंबती नळी तिच्या जोडावर सतत हिसके देते.

आपला ट्रेलर २०१५ चा आहे म्हणून हे आपल्याला लागू नाही, पण कोणाकडे १९९५ च्या आधीचा ट्रेलर असेल आणि त्यात राखाडी रंगाची नळी दिसली, तर ती पॉलिब्युटिलीनची असू शकते. तिला पेक्सचे नेहमीचे जोड चालत नाहीत, दोहोंना जोडणारा खास जोड घ्यावा लागतो.

आंबेमोहोर (न्यू जर्सी)

एवढ्या बारीक चिरेला नळ बदलण्याचा खटाटोप कशाला करावा? बाहेरून एपॉक्सीचा लगदा, आपल्या एम-सीलसारखा, चोपडून सुट्टी काढता येणार नाही का?

पान्हा

उघड्या टाकीच्या किंवा सांडपाण्याच्या नळीच्या चिरेवर तो काही काळ टिकतो. इथे मात्र पंप सुरू-बंद होताना दाब ४० आणि ५५ यांच्यामध्ये दिवसभर खालीवर होतो, चीर प्रत्येक वेळी किंचित उघडते आणि मिटते, आणि कडक झालेला लगदा त्या हालचालीबरोबर हलत नाही. शिवाय नव्या नळाची किंमत फार नसते, आणि तो बदलायला लागणारा वेळ लगदा वाळण्यापेक्षा कमीच असतो.

खटपट्या

उगम सापडला हे उत्तम झाले. आता तळाचे प्लास्टिक उघडायला हरकत नाही, किंबहुना ते उघडायलाच हवे, कारण आतमध्ये साचलेले पाणी आपोआप सुकणार नाही. ठिबकणाऱ्या स्क्रूजवळ आधी एक लहान भोक पाडून खाली बादली ठेवा. पाणी निथळल्यावर दोन आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या भागात तीन बाजूंनी कापून दारासारखी झडपी खाली सोडा. चौथी बाजू अखंड ठेवली की पुन्हा बंद करणे सोपे जाते. कापताना पाते जेमतेम प्लास्टिकपुरतेच आत जाऊ द्या, कारण वर वायरी, नळ्या आणि काही ट्रेलरांत भट्टीच्या गरम हवेची वाहिनीही असते. ओला झालेला फायबरग्लासचा थर वाळवण्याच्या भानगडीत पडू नका, काढून टाका आणि जागा सुकल्यावर नवा घाला. झडपी बंद करताना स्क्रूंना रुंद वॉशर लावा आणि कापलेल्या कडांवर पन्हळी प्लास्टिकसाठी मिळणारी रुंद चिकटपट्टी ओढा. ती ओल्या किंवा धुळकट पृष्ठभागावर टिकत नाही, म्हणून कडा आधी स्पिरिटने पुसाव्यात.

दबणाऱ्या जमिनीकडे खालूनच पाहता येईल. अणकुचीदार टोच्या लाकडात सहज रुतला, तर तो भाग कुजला आहे आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून बदलावा लागेल. टोच्या रुतला नाही, लाकूड केवळ काळवंडले आणि ओले असेल, तर ते वाचते. तेव्हा व्हिनाइलची कड उचलून ठेवा, आत डिह्युमिडिफायर आणि खालून पंखा लावून सुकवा, आणि लाकडातील ओल मापकावर १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय वरून काहीही चिकटवू नका. ओल्या प्लायवूडवर व्हिनाइल पुन्हा बसवले की ओल आत कोंडते आणि जो भाग वाचला असता तोही जातो.

तळ्याकाठी

टोच्याने तपासले. दाराजवळचा साधारण वहीच्या पानाएवढा भाग खरोखरच मऊ आहे, बाकीचे लाकूड ओले पण कणखर आहे. नवा नळ बसवला असून पंप दाब भरून बंद झाल्यावर पुन्हा वाजलेला नाही. हा मऊ भाग मेमोरियल डेच्या सहलीनंतर कापला तर चालेल का, की त्याआधीच उरकावे?

खटपट्या

तो भाग लोखंडी पट्ट्यांच्या मधोमध असेल आणि त्यावर भिंत, टॉयलेट किंवा कपाट टेकलेले नसेल, तर सहल करून या. वरून तीन चतुर्थांश इंच जाडीचा प्लायवूडचा तुकडा दोन्ही बाजूंच्या कणखर लाकडावर टेकेल एवढा मोठा कापून टाका, म्हणजे पाय खाली जाणार नाही; तो चिकटवू नका आणि खालची झडपीही तोवर पूर्ण बंद करू नका, जाळी लावून हवा खेळती ठेवा. पाऊस असेल तर मात्र ओल्या रस्त्यावर चाकांनी उडवलेले पाणी थेट उघड्या लाकडावर जाते, तेव्हा निघण्याच्या दिवशी तिथे तात्पुरती ताडपत्री ताणून बांधा आणि पार्कमध्ये पोहोचल्यावर ती सोडा.